बोटीवरचे उतारू आणि आंबोलीची रिकामी खोली

आंबोली हे मुळात मुक्कामाचे गाव. एकोणिसाव्या शतकात वेंगुर्ले बंदरात उतरलेला माल आणि माणसे बेळगावच्या लष्करी छावणीकडे जात, तेव्हा वाटेत सह्याद्रीचा घाट चढावा लागे. बैलांना विसावा हवा, गाडीवानांना भाकरी हवी आणि साहेब लोकांना डोक्यावर छप्पर हवे, म्हणून घाटमाथ्यावर सुमारे 690 मीटर उंचीवर हा टप्पा तयार झाला. पुढे सावंतवाडीचे पोलिटिकल एजंट कर्नल वेस्ट्रॉप यांनी येथील गारवा हेरला आणि थंड हवेचे ठिकाण म्हणून गावाला नाव मिळवून दिले. आजच्या पर्यटकाच्या लेखी आंबोली म्हणजे पाऊस, धबधबा आणि भाजलेले कणीस. परंतु बोटीतून उतरून रात्रीपुरती खोली शोधणारा प्रवासी हाच या गावाचा जुना गिऱ्हाईक होय.

मुंबईहून सुटणाऱ्या आगबोटी कोकणची बंदरे घेत वेंगुर्ल्यास व पुढे पणजीस जात. बोट खोल पाण्यात उभी राही, उतारू व त्यांच्या ट्रंका पडावात उतरवल्या जात आणि मग किनारा येई. पावसाळ्यात हा सारा व्यवहार बंद असे. 1880 च्या दशकात मुरगाव बंदरातून घाटावर रेल्वे गेली आणि वेंगुर्ल्याच्या बंदराचा व त्याबरोबर आंबोलीच्या गाडीवाटेचा भाव उतरला. व्यापारी मंडळींना हे समजावून सांगावे लागत नाही. रस्ता वळला की दुकान ओस पडते. उतारूंची मुंबई-गोवा बोट मात्र रडतखडत ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपर्यंत चालली आणि मग थांबली.

ती आता निराळ्या रूपाने परत आली आहे. ऑक्टोबर 2018 मध्ये ‘आंग्रिया’ ही बोट मुंबई-गोवा मार्गावर सुरू झाली. तिचा प्रवास फार काळ चालला नाही. सप्टेंबर 2021 पासून ‘कॉर्डेलिया’ कंपनीचे मोठे जहाज मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा सफरी करू लागले. गंमत अशी, की या सफरीचे जहाज गोव्यात लागते ते मुरगाव बंदरातच. ज्या बंदराने एकेकाळी आंबोलीचे गिऱ्हाईक पळवले, त्याच बंदरावर उतरलेली कुटुंबे आता गाडी करून आंबोलीचा घाट चढतात. पणजीहून आंबोली सुमारे 90 किलोमीटर. म्हापसा, पेडणे, बांदा असे येऊन सावंतवाडीवरून दाणोली गाठावी, की घाट सुरू होतो. सांगली, कोल्हापूर, निपाणी, बेळगावकडे परतणाऱ्या माणसाला तर ही वाटेवरचीच वस्ती.

जहाजाचे तिकीट काढताना बहुतेक कुटुंबे जहाजावरच्या खोलीचाच हिशेब करतात. खरा खर्च आदल्या व नंतरच्या रात्रींत दडलेला असतो. जहाज सायंकाळी सुटणार असले तरी बंदरावर दुपारीच हजर राहावे लागते. घरात वडीलधारी व मुले असतील, तर सांगलीहून रात्रीच्या गाडीने निघून थेट जहाजावर चढणे हा वेडेपणा आहे. एक रात्र मुंबईत काढावीच लागते. उतरल्यावर तसेच. दोन-तीन दिवस पाण्यावर हलून आलेले शरीर लगेच दहा तासांच्या मोटारप्रवासाला तयार नसते. अशा या आगल्या-मागल्या रात्रींसाठी खोली स्वस्तात कशी मिळवावी, याचे अमेरिकेत एकेकाळी शास्त्रच झाले होते.

1998 मध्ये तेथे ‘प्राइसलाइन’ नावाच्या कंपनीने ‘तुमची किंमत तुम्हीच सांगा’ अशी योजना काढली. प्रवाशाने शहराचा भाग निवडायचा, हॉटेल किती तारांकित हवे ते सांगायचे आणि आपल्या मनातली किंमत लिहायची. हॉटेलाचे नाव मात्र कळत नसे. एखाद्या हॉटेलाने ती किंमत स्वीकारली, की कार्डावरून पैसे तत्काळ वळते होत आणि मगच नाव दिसे. रद्द करणे नाही, परतावा नाही. बोली नाकारली गेली तर लगेच पुन्हा बोलता येत नसे. एक दिवस थांबावे लागे, नाहीतर निवडीत काही बदल करावा लागे. फ्लोरिडाच्या बंदरांतून जहाज पकडणारे हुशार प्रवासी मग शहराचा असा भाग जोडून घेत, जिथे त्या दर्जाचे हॉटेलच नसे. निवड बदलली, धोका वाढला नाही आणि दुसरी बोली मात्र मिळाली! ही योजना पुढे हळूहळू गुंडाळली गेली. बोली लावण्याची ती सवय मात्र टिकली. आज परदेशातील अनेक जहाज कंपन्या चांगल्या केबिनसाठी प्रवाशांकडून बोली मागवतात.

हॉटेलवाले आपले नाव झाकून स्वस्तात खोली का देत असत? कारण उघड दर उतरवला, तर पूर्ण दर देणारे नेहमीचे गिऱ्हाईकही तोच मागू लागते. जुन्या पेठांत रुमालाखाली बोटे दाबून सौदा होई, त्यामागेही काहीसा हाच विचार असे. शेजारच्याला भाव कळू नये. शेतकऱ्याचे त्यात नुकसान होते म्हणून नियंत्रित बाजारात उघड लिलाव आले. खोल्यांच्या बाजारात रुमाल अजून आहे, फक्त तो आता मोबाइलच्या पडद्याचा झाला आहे.

लिलाव ही आपल्या वाचकांना नवी गोष्ट नाही. पूजेचे सवाल घेताना वर चढत जाणारी बोली सर्वांनी ऐकली आहे. तिथे जास्त देणाऱ्याला आनंद असतो. गुळाच्या सौद्यात ढेप बघून, चाखून बोली होते. बँकेच्या तारण मालमत्तेच्या लिलावात, म्हणजे 2002 च्या सरफेसी कायद्याखाली होणाऱ्या विक्रीत, राखीव किंमत आधी जाहीर होते आणि बोली त्याखाली जाऊ शकत नाही. खोलीच्या बोलीत मात्र राखीव किंमत मालकाच्या मनात असते. ती किती असावी, याचा अंदाज घेणे हेच सारे कसब.

आणि तो अंदाज फार अवघड नाही. खोली हा नाशवंत माल आहे. भाजी संध्याकाळपर्यंत निम्म्या भावाने तरी जाते; मंगळवारची रिकामी खोली बुधवारी कोणत्याही भावाने विकता येत नाही. इमारत उभी आहे, कर्जाचा हप्ता ठरलेला आहे, राखणदाराचा पगार ठरलेला आहे. पाहुणा आल्याने वाढणारा खर्च म्हणजे चादरी धुणे, गरम पाणी, वीज, साफसफाई आणि सकाळचा चहा. वाणिज्य शाखेची पुस्तके याला सीमांत खर्च म्हणतात. त्याच्यावर जे मिळेल ते मालकाच्या दृष्टीने काहीच न मिळण्यापेक्षा बरे. विल्यम विक्रे या अर्थतज्ज्ञाने 1961 साली लिलावांवर एक गाजलेला निबंध लिहिला. 1996 मध्ये त्यांना नोबेल जाहीर झाले आणि तीनच दिवसांनी त्यांचे निधन झाले. बंद लखोट्याच्या लिलावात जिंकणाऱ्याने स्वतःचा नव्हे तर दुसऱ्या क्रमांकाचा आकडा द्यायचा असेल, तर प्रत्येकाने आपल्याला वस्तू खरोखर जितकी मोलाची वाटते तेवढीच बोली लावणे हिताचे ठरते, असे त्यांनी दाखवून दिले. खोलीची घासाघीस करणाऱ्यालाही आधी हाच प्रश्न स्वतःला विचारावा लागतो: ही रात्र आपल्याला किती मोलाची आहे, आणि कशासाठी?

सांगलीच्या एका हळद व्यापारी कुटुंबाने गेल्या काही वर्षांतील एका डिसेंबरात हा सारा अभ्यासक्रम एकाच सफरीत पुरा केला. कुटुंब सहा माणसांचे: वडील, ज्यांना घरात सारे अण्णा म्हणतात, आई, मुलगा, सून आणि दोन नातवंडे. जहाजाचे तिकीट मुलाने काढले. मुंबईच्या आदल्या रात्रीसाठी त्याने एक खरोखर चांगली गोष्ट ओळखली होती. मुंबईच्या उपनगरांतील कंपनीवाल्यांची हॉटेले सोमवार ते गुरुवार भरलेली असतात, शुक्रवार-शनिवार मात्र ती ओस पडतात. त्याने अंधेरीकडे दोन मोठ्या खोल्या, पैसे परत न मिळण्याच्या बोलीवर, दक्षिण मुंबईच्या मानाने बऱ्याच स्वस्तात पटकावल्या. दुसऱ्या दिवशी सामानासकट दोन टॅक्सी करून बॅलार्ड पिअर गाठताना वाचवलेल्यापैकी बरीच रक्कम खर्ची पडली, आणि आईंना टॅक्सीत मळमळले ते निराळेच. अण्णांनी त्यावर चकार शब्द काढला नाही. पेढीवर आलेला माल वजनात कमी भरला, की ते असेच गप्प बसतात असे सूनबाई म्हणतात.

परतीच्या मुक्कामासाठी म्हणून सूत्रे अण्णांनी हाती घेतली. गोव्यात राहायचे नाही, आंबोलीस दोन रात्री राहून आजरा-गडहिंग्लज-निपाणी मार्गे घरी जायचे, असे त्यांनी ठरवले.

यातील हिशेब पाहण्यासारखा आहे. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि गावाचा धंदाही त्या पावसावरच चालतो. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी घाटातील मोठ्या धबधब्यापाशी वाहनांची रांग लागते, पोलिसांना वाहतूक वळवावी लागते आणि खोलीचा मालक सांगेल तो दर असतो. तेव्हा बोली लावायची तर ती वर लावावी लागते. जहाजांचा हंगाम याच्या नेमका उलट. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्याचा समुद्र खवळलेला, म्हणून सफरी मुख्यतः ऑक्टोबर ते मे. म्हणजे बोटीतून उतरलेला प्रवासी जेव्हा आंबोलीत येतो, तेव्हा तेथील खोल्या, विशेषतः आठवड्याच्या मधल्या दिवसांत, रिकाम्या असतात. नाताळ, वर्षअखेर आणि मे महिना एवढे वगळले, की दर ठरवण्याची ताकद गिऱ्हाईकाकडे येते.

जैन कुटुंबांच्या बाबतीत तर हा मेळ आणखी नेमका बसतो. आषाढ ते कार्तिक हा चातुर्मासाचा काळ. साधुसंतांनी पावसाळ्यात एका जागी राहावे, या नियमामागचे कारण आंबोलीत पावसाळ्यातील रात्री डोळ्यांनी दिसते. पहिल्या सरींबरोबर सड्यावर आणि रस्त्यावर बेडूक, गोगलगायी, कीटक यांची इतकी दाटी होते, की वाहनाच्या चाकाखाली जीव जाणे टळत नाही. इथल्या कातळसड्यावर राहणारा, अंगावर पट्टे असलेला एक भेक 2009 मध्ये विज्ञानाला नव्याने परिचित झाला. तो आंबोलीच्या नावानेच ओळखला जातो. नियम पाळणारी घरे या दिवसांत प्रवास टाळतात आणि दिवाळीनंतर बाहेर पडतात. बाजार ज्याला मंदीचा काळ म्हणतो, तोच त्यांचा सवडीचा काळ.

अण्णांनी आधी मुलाच्या मोबाइलवर दर पाहिला. घाटमाथ्यावरच्या एका घरगुती निवासाची खोली 3,400 रुपये, कर वेगळा. शेजारी 6,000 चा आकडा खोडलेला. खोडलेल्या आकड्याकडे अण्णांनी लक्षही दिले नाही. सेलच्या पाट्या रंगवणाऱ्या पेठेत आयुष्य गेलेल्या माणसाला त्याची किंमत ठाऊक असते. त्यांनी विचारले ते एवढेच, की या 3,400 तले मालकाच्या हाती किती पडतात? प्रवास-संकेतस्थळांची दलाली साधारण पंधरा ते वीस टक्के आणि कधी त्याहूनही अधिक असते. वीस टक्के धरले तर मालकाला 2,720. मग मालकाला थेट विचारायला काय हरकत?

थेट सौद्याला एके काळी करारांची आडकाठी असे. संकेतस्थळावरचा दर अन्यत्र कोठेही कमी करायचा नाही, अशी अट काही मोठ्या कंपन्या हॉटेलांना घालत. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये या व अन्य कारणांवरून मेकमायट्रिप-गोआयबिबो यांना 223.48 कोटी रुपयांचा आणि ओयोला 168.88 कोटींचा दंड ठोठावला आणि अशा अटी काढून टाकण्यास सांगितले. प्रकरण पुढे अपिलात गेले. लहान मालकाच्या बाबतीत कराचाही एक बारकावा आहे. वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असलेल्या व नोंदणी न केलेल्या घरगुती निवासाने थेट येणाऱ्या पाहुण्याकडून जीएसटी घ्यायचा नसतो. तीच खोली संकेतस्थळावरून घेतली, तर तो कर भरण्याची जबाबदारी संकेतस्थळावर येते व तो बिलात दिसतो. सप्टेंबर 2025 च्या 22 तारखेपासून 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर हा कर 12 वरून 5 टक्के झाला, तेव्हा फरक पूर्वीएवढा राहिलेला नाही; तरीही दलाली आणि कर मिळून जी रक्कम वाचते, ती मालक आणि पाहुणा यांनी कायद्यात राहून वाटून घ्यावी अशीच आहे.

मुलाने फोन लावला, अण्णांनी घेतला. मालक तिशी-पस्तिशीचा, आवाजात मालवणी हेल. त्याने 2,800 सांगितले.

“भाऊ, दोन खोल्या, दोन रात्री, सोमवार आणि मंगळवार. तुमच्याकडे त्या दिवशी दुसरं कोण आहे?” अण्णांनी विचारले.

पलीकडे क्षणभर शांतता. “खरा सांगायचा तर कोण नाय, काका. पावसात येवा, मगे बघा!”

“पावसात आम्ही येत नाही, म्हणून तर आता येतोय. दोन हजार.”

बोलणे 2,200 वर तुटले. आगाऊ हजार रुपये पाठवायचे ठरले. मुलाने मालकाचा क्रमांक दोन ठिकाणी पडताळून पाहिला आणि मगच पैसे पाठवले. हे प्रत्येकाने करावे. अनोळखी माणसाने ‘पैसे मिळवण्यासाठी’ म्हणून पाठवलेला चौकोनी कोड स्कॅन केला, की पैसे येत नाहीत, जातात. एवढी साधी गोष्ट न समजल्याने शिकलेली माणसेही फसली आहेत. अण्णांनी आणखी एक शहाणपण केले. जहाज हवामानामुळे उशिरा येऊ शकते, एखाद्या वेळी बंदर चुकवूही शकते. म्हणून ‘दोन दिवस आधी कळवले तर हजार रुपये परत’ असे मालकाकडून संदेशात लिहून घेतले. जहाजाआधीच्या रात्रीला परतावा नसला तरी चालून जाते, कारण घरून निघणे आपल्या हातात असते. नंतरच्या रात्रीला तो असलाच पाहिजे.

सोमवारी दुपारी गाडी घाट चढून आली. मोठा धबधबा एका बारीक धारेवर आला होता आणि नातवंडांचा विरस झाला. निवास मात्र छान होते. जांभ्याची भिंत, कौलारू छप्पर, अंगणात फणस. सामान उतरले, चहा झाला. सूनबाईंनी जेवणाची चौकशी केली आणि तेथे सौद्याचे भोक उघडे पडले.

स्वयंपाकाच्या बाई संध्याकाळी साडेसहाला शेजारच्या वाडीतून चालत येत. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. घरातील चौघे मोठे सूर्यास्तापूर्वी जेवणारे, कंदमुळे न खाणारे. शिवाय चूल एकच आणि त्याच भांड्यांत आदल्या दिवशी बांगडे शिजलेले. मालक ओशाळला, पण खोटे बोलला नाही. “काका, तुम्ही दर विचारलात, जेवणाचं काहीच बोलला नाहीत. या दरात बाईंना चारला बोलावणं मला बसत नाही. त्यांचं शेत आहे, त्या मजुरी बुडवून येणार.”

मुलगा चिडला. 2,200 ठरले म्हणजे ठरले, असे तो म्हणू लागला. अण्णा ओसरीवर बसून राहिले. मग त्यांनी मालकाला समोर बसवून एकेक बाब विचारली: बाईंना दिवसाचे किती देता, गॅस किती जातो, नवी भांडी सावंतवाडीहून आणायला कोण जाईल? मालक सांगत गेला. पावसाळ्याच्या तीन महिन्यांत वर्षाची कमाई होते. ऑक्टोबरपासून तो संकेतस्थळावर दर पाडत जातो, कारण शेजारचा पाडतो, आणि त्याला पाहून हा आणखी पाडतो. गेल्या हिवाळ्यात त्याने एका कंपूला बाराशेला खोली दिली. त्या कंपूने गीझर दिवसभर चालू ठेवला आणि जाताना गुणांकन एक तारा दिले.

“आम्ही हळद घेतो तेव्हा आधी कांडी मोडून बघतो, मग भाव बोलतो,” अण्णा मुलाला म्हणाले. “इथं भाव बोललो आणि कांडी बघितलीच नाही. चूक त्याची नाही.”

नवा सौदा झाला. खोली 2,500, बाईंना दोन्ही दिवस चारला बोलवायचे, त्यांची मजुरी अण्णांनी वेगळी आणि थेट त्यांच्याच हाती द्यायची, दोन नवी पातेली आणि तवा अण्णांच्या पैशाने आणायचा आणि जाताना येथेच ठेवायचा. मुलाने मोबाइलवर आकडेमोड केली. एकूण खर्च संकेतस्थळाच्या दरापेक्षा तरीही थोडा कमी भरत होता. तेवढ्याने त्याचा चेहरा निवळला.

साडेपाचला पाने मांडली गेली. तांदळाची भाकरी, मुगाची आमटी, ओल्या नारळाची चटणी, दुधी. कांदा-लसणाविना आमटीला चव येईल की नाही, याची स्वयंपाकिणीलाच जास्त काळजी होती. आईंनी तिला हिंगाची डबी दिली आणि फोडणी कशी द्यावी ते दाखवले.

पाऊस नसलेली आंबोली पाहायला लोक का येत नाहीत, याचे उत्तर पुढील दोन दिवसांत त्या कुटुंबाला मिळाले नाही. पावसाळ्यात महादेवगड पॉइंटवर उभे राहिले तर धुक्यावाचून काही दिसत नाही; डिसेंबरच्या सकाळी तेथून खाली कोकणपट्टी स्वच्छ उलगडते. कावळेसादला पावसात वाऱ्याने धबधबा उलटा वर उडतो, तो देखावा आता नव्हता, परंतु दरीचा तळ दिसत होता आणि कठड्यापाशी धक्काबुक्की नव्हती. हिरण्यकेशीच्या देवस्थानापाशी गुहेतून येणारे पाणी बारमाही. पश्चिम समुद्र इतका जवळ असूनही ही नदी पूर्वेकडे वळते. आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करीत घटप्रभेला मिळते, आणि पुढे कृष्णेच्या रूपाने थेट बंगालच्या उपसागराला जाते. येथील कुंडात सापडलेल्या एका लहानशा माशाला 2020 मध्ये शास्त्रज्ञांनी या नदीचेच नाव दिले आणि 2021 मध्ये शासनाने ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली. तेथे मासेमारीला मज्जाव आहे, हे ऐकून आईंनी हात जोडले.

रात्री थंडी चांगलीच पडली. नातवंडांना जहाजावरच्या रोषणाईपेक्षा अंगणातल्या शेकोटीचे कौतुक अधिक. मालक शेकोटीपाशी येऊन बसला आणि त्याने अण्णांना एक गोष्ट विचारली: थेट फोन करणारे गिऱ्हाईक मिळवायचे कसे? अण्णांनी सांगितले ते व्यापाऱ्याचे होते. हिवाळ्यासाठी निराळे पत्रक काढ, सूर्यास्तापूर्वी शाकाहारी जेवण मिळेल असे त्यात स्पष्ट लिही, भांडी निराळी आहेत हे लिही आणि दर पाडू नकोस. शेजाऱ्याने पाडला तर त्याला पाडू दे. सांगली, कोल्हापूर, बेळगावच्या किती घरांना गोव्याच्या वाटेवर अशी एक चूल हवी आहे, याचा हिशेब त्यांनी बोटांवर केला.

बुधवारी सकाळी हिशेब चुकता झाला. मालकाने हजार आगाऊ वजा करून बिल केले. जुन्या दराप्रमाणे 8,800 होणार होते, नव्या दराने 10,000 झाले. बाईंना मजुरीचे पैसे अण्णांनी स्वतः दिले. निघताना मालकाने पातेली घासून-पुसून कोनाड्यात वेगळी ठेवली असल्याचे दाखवले आणि त्यावर खडूने एक फुली मारली, म्हणजे चुकून कोणी बांगड्याला घेऊ नये. गाडी नांगरतासकडे वळली. मुलाने मोबाइल काढून त्या निवासाला पाच तारे दिले आणि खाली एकच ओळ लिहिली: फोन करा, जेवणाचे आधी बोला.